एक आकार, दोन ध्वनी : तिफिनाघ लिपीतील ‘याह्’ या अक्षराच्या संकेतांकनाचा इतिहास

सारांश : उत्तर आफ्रिकेतील अमाझिघ (बर्बर) भाषांच्या तिफिनाघ लिपीला २००५ साली युनिकोड प्रमाणकात स्थान मिळाले. या लिपीत वर्तुळ व त्यामधून जाणारी उभी रेषा असा एक वर्ण आहे. मोरोक्कोत तो ‘ह’ म्हणून वाचला जातो, तर सहारातील तुआरेग परंपरेत ‘ब’ म्हणून. प्रमाणकाने त्याला एकच संकेतांक दिला आणि नाव मोरोक्कोच्या उच्चारावरून ठेवले. या निर्णयामागील ऐतिहासिक कारणांचा आणि त्याच्या परिणामांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बीजशब्द : तिफिनाघ, अमाझिघ, तुआरेग, युनिकोड, संकेतांकन, लिपीचा इतिहास.

प्रस्तावना

लिपीचा इतिहास सामान्यतः शिलालेख, हस्तलिखिते आणि मुद्रण यांच्या आधारे लिहिला जातो. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्यात आणखी एका साधनाची भर पडली. संगणकाला अक्षर दिसत नाही, त्याला केवळ अंक कळतो. म्हणून प्रत्येक वर्णाला एक ठरावीक अंक नेमून द्यावा लागतो. या अंकाला संकेतांक आणि तो नेमून देण्याच्या क्रियेला संकेतांकन म्हणतात. युनिकोड प्रमाणकाची पहिली आवृत्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली. त्याच्याशी सुसंगत असे आयएसओ १०६४६ हे आंतरराष्ट्रीय प्रमाणक १९९३ साली आले. तेव्हापासून जगातील लिप्या एकामागून एक या सामायिक तक्त्यात दाखल होत गेल्या.

वरवर पाहता हे काम तांत्रिक स्वरूपाचे वाटते. परंतु अंक देण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते : दोन ठिकाणी आढळणारे चिन्ह हे एकच अक्षर मानायचे की दोन? हा प्रश्न यंत्राचा नसून इतिहासाचा आहे. अक्षराची ओळख त्याच्या आकारात असते, ध्वनीत असते, की ते वापरणाऱ्या समाजाच्या परंपरेत असते, याचा निवाडा त्यात अनुस्यूत असतो. तिफिनाघ लिपीतील ‘याह्’ हे अक्षर या दृष्टीने अभ्यसनीय ठरते.

लिपीची पार्श्वभूमी

‘बर्बर’ हे नाव बाहेरच्यांनी दिलेले आहे. हा समाज स्वतःस ‘इमाझिघेन’ म्हणवतो व त्याचे एकवचन ‘अमाझिघ’ असे आहे. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, नायजर, माली, बुर्किना फासो अशा विस्तृत प्रदेशात या कुळातील भाषा बोलल्या जातात.

या भाषांच्या लेखनाची परंपरा प्राचीन आहे. ट्युनिशियातील दुग्गा येथे प्युनिक आणि लिबिक अशा दोन भाषांतील शिलालेख सापडले. त्यांपैकी एक लेख राजा मासिनिसा याच्या मंदिराशी संबंधित असून तो इ.स.पूर्व १३९-१३८ च्या सुमाराचा आहे. दुसरा तेथील समाधिवास्तूवर होता. ट्युनिस येथील ब्रिटिश वकील टॉमस रीड याने १८४२ साली तो काढून नेला व आज तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. दोन भाषांमुळे लिबिक लिपीच्या वाचनाची किल्ली अभ्यासकांच्या हाती आली.

उत्तरेकडील प्रदेशात ही लिपी कालांतराने लोप पावली. सहारातील तुआरेग समाजात मात्र तिची परंपरा टिकून राहिली व तेथेच तिला तिफिनाघ हे नाव आहे. खडकावर, दागिन्यांवर, शस्त्रांवर, छोट्या पत्रांत, तसेच वाळूवर बोटाने अक्षरे काढून ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. हे शिक्षण शाळेत नव्हे, घरात आणि तंबूत होत असे. परंपरागत तुआरेग लेखनात स्वर सहसा लिहिले जात नाहीत. लेखनाची दिशाही एक नाही. उजवीकडून डावीकडे, वरून खाली, खालून वर अशा अनेक प्रकारे ओळी लिहिल्या जात. ज्या लिपीची ओळ कोणत्याही दिशेने वळू शकते, तिच्यातील अक्षर कोणत्या बाजूने पाहायचे हेही अर्थातच स्थिर राहत नाही.

उत्तरेत या लिपीचे पुनरुज्जीवन विसाव्या शतकात झाले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात पॅरिस येथे स्थलांतरित कबाईल कार्यकर्त्यांनी बर्बर अकादमी स्थापन केली. तुआरेग अक्षरांचा आधार घेऊन, स्वरचिन्हांची भर घालून आणि आकारांत फेरफार करून या अकादमीने जी वर्णमाला प्रसृत केली, तिला पुढे नव-तिफिनाघ असे म्हटले जाऊ लागले. पत्रके, भिंती आणि फलक यांच्या द्वारे ती अल्जीरिया व मोरोक्कोत पसरली. तिच्या वापरास राजकीय अर्थ होता. १९९४ च्या मे दिनी मोरोक्कोतील एर्राशिदिया येथील मिरवणुकीत तिफिनाघ अक्षरांतील फलक धरल्यामुळे गुल्मिमा येथील ‘तिलेल्ली’ या संस्थेच्या सदस्यांना अटक झाली. अक्षर लिहिणे हा गुन्हा ठरू शकतो, याचे हे अलीकडील उदाहरण होय.

फलकापासून पाठ्यपुस्तकापर्यंत

यानंतरच्या दहा वर्षांत परिस्थिती वेगाने पालटली. १७ ऑक्टोबर २००१ च्या राजाज्ञेने मोरोक्कोत अमाझिघ संस्कृतीची शाही संस्था अस्तित्वात आली. भाषा शाळेत शिकवायची तर लिपी ठरवणे क्रमप्राप्त होते. अरबी, रोमन आणि तिफिनाघ असे तीन पर्याय पुढे आले व त्यांवरून तीव्र वाद झाला. अरबी लिपीचे समर्थक धार्मिक व राष्ट्रीय ऐक्याचा दाखला देत होते, तर रोमन लिपीचे समर्थक संशोधनातील वापर आणि व्यावहारिक सोय यांवर भर देत होते. संस्थेने तिफिनाघच्या बाजूने कौल दिला व राजा मोहम्मद सहावे यांनी फेब्रुवारी २००३ मध्ये त्यास मान्यता दिली. सप्टेंबर २००३ पासून काही प्राथमिक शाळांत या लिपीतून अध्यापन सुरू झाले.

संस्थेने प्रमाणित केलेली वर्णमाला ३३ अक्षरांची आहे : २७ व्यंजने, २ अर्धस्वर आणि ४ स्वर. ही वर्णमाला डावीकडून उजवीकडे लिहिली जाते. पाठ्यपुस्तके छापण्यासाठी संगणक आवश्यक होता, आणि संगणकात तिफिनाघसाठी जागा नव्हती. त्या काळी उपलब्ध असलेले फॉन्ट रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर तिफिनाघचे आकार बसवीत. पडद्यावर तिफिनाघ दिसे, परंतु यंत्राच्या दृष्टीने तो मजकूर रोमनच राही. फॉन्ट बदलताच त्याची निरर्थक रोमन अक्षरे होत. युनिकोडपूर्व काळात मराठी मजकूर एका संगणकावरून दुसऱ्यावर नेताना आलेला अनुभव ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना या अडचणीचे स्वरूप वेगळे सांगावयास नको.

२००४ साली पॅट्रिक आंद्रिएस यांनी तयार केलेला तिफिनाघच्या संकेतांकनाचा फ्रेंच भाषेतील प्रस्ताव आयएसओच्या कार्यगटापुढे आला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोड ४.१ या आवृत्तीत ५५ वर्णांसह तिफिनाघचा समावेश झाला. तिच्यासाठी २डी३० ते २डी७एफ या ८० जागा राखून ठेवण्यात आल्या. (येथे संकेतांक षोडशमान पद्धतीने दिले असून ‘डी’ व ‘एफ’ ही त्या पद्धतीतील अंकचिन्हे आहेत.) हे वर्ण चार गटांतून घेतले होते : मोरोक्कोच्या शाही संस्थेचा मूळ संच, त्याच संस्थेचा विस्तारित संच, इतर नव-तिफिनाघ अक्षरे आणि आधुनिक तुआरेग अक्षरे. म्हणजे ही रचना केवळ एका देशाच्या पाठ्यपुस्तकापुरती नव्हती. तुआरेग अक्षरांचा विचार पहिल्यापासून झाला होता, ही गोष्ट पुढील विवेचनात ध्यानी ठेवणे न्यायाचे ठरेल.

‘याह्’चा प्रश्न

आता प्रस्तुत अक्षराकडे वळू. मोरोक्कोच्या वर्णमालेत वर्तुळ व त्यातून जाणारी आडवी रेषा हा ‘ब’ आहे. त्याचे नाव ‘याब्’. वर्तुळ व उभी रेषा हा ‘ह’ आहे. त्याचे नाव ‘याह्’. या दोन अक्षरांत केवळ पाव वळणाचे अंतर आहे. तुआरेग परंपरेत मात्र उभ्या रेषेचे वर्तुळ ‘ब’ या ध्वनीसाठी येते आणि ‘ह’ साठी एकाखाली एक असे चार ठिपके मांडले जातात. बर्बर अकादमीने ‘ह’ साठी तिसराच आकार स्वीकारला होता.

अशा स्थितीत संकेतांकन करणाऱ्यांपुढे दोन मार्ग होते. ध्वनी हा निकष मानला, तर तीन परंपरांतील तिन्ही ‘ह’ एका संकेतांकाखाली आणून आकारांतील फरक फॉन्टवर सोपवता आला असता. आकार हा निकष मानला, तर प्रत्येक वेगळ्या आकारास वेगळा संकेतांक देणे आणि समान आकारास, त्याचा ध्वनी काहीही असो, एकच संकेतांक देणे भाग होते. प्रमाणकाने दुसरा मार्ग पत्करला. त्यामुळे ‘ह’ या ध्वनीसाठी तीन संकेतांक झाले : २डी४० हा ‘याह्’, २डी४१ हा ‘बर्बर अकादमी याह्’ आणि २डी४२ हा ‘तुआरेग याह्’. याउलट वर्तुळ व उभी रेषा या आकारास २डी४० हा एकच संकेतांक मिळाला. प्रमाणकाच्या तक्त्यात त्याचे अधिकृत नाव ‘तिफिनाघ लेटर याह्’ असे आहे व त्याखाली ‘तुआरेग याब्’ अशी टीप आहे.

या निर्णयाचे समर्थन करणे कठीण नाही. ध्वनीच्या निकषावर तिन्ही ‘ह’ एक केले असते, तर फॉन्ट बदलताच मोरोक्कोच्या वाचकासमोर ठिपके आणि तुआरेग वाचकासमोर त्याचा ‘ब’ आला असता. तसेच एकाच लिपीत हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या आकारास दोन संकेतांक दिले, तर कोणता वापरला आहे हे डोळ्यांनी ओळखता येत नाही, आणि शोध घेताना निम्मा मजकूर हाती लागत नाही. रोमन लिपीतही ‘जे’ या अक्षराचा उच्चार इंग्रजीत एक, जर्मनमध्ये दुसरा आणि स्पॅनिशमध्ये तिसरा आहे, तरीही त्याचा संकेतांक एकच आहे. मराठीत ‘चार’ आणि ‘चारा’ या शब्दांतील ‘च’चे उच्चार भिन्न असूनही अक्षर एकच मानले जाते.

तथापि देवनागरीशी केलेली तुलना दुसऱ्या बाजूने अधिक उद्बोधक ठरते. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हे हिंदी वळणापेक्षा आकाराने वेगळे आहेत. तरीही युनिकोडमध्ये त्यांना स्वतंत्र संकेतांक नाहीत, आकारातील भेद फॉन्टने सांभाळावयाचा आहे. म्हणजे देवनागरीत आकार भिन्न असूनही अक्षर एक मानले गेले, आणि तिफिनाघमध्ये ‘ह’चे आकार भिन्न म्हणून अक्षरे तीन मानली गेली. ही विसंगती वाटली तरी तिच्यामागे ऐतिहासिक कारण आहे. मराठी वाचक हिंदी वळणाचा ‘ल’ न अडखळता वाचतो, कारण दोन्ही वळणे एका सामायिक मुद्रित परंपरेची अंगे आहेत. मोरोक्कोतील पाठ्यपुस्तकाचा वाचक आणि सहारात घरी अक्षरे शिकलेला तुआरेग वाचक यांच्यात अशी सामायिक परंपरा निर्माण झालेली नव्हती. जेथे परस्पर-ओळख नाही तेथे केवळ ध्वनिसाम्यावरून आकार एक करता येत नाहीत, हे प्रमाणकाने योग्यच ओळखले.

नावाचे वजन

संकेतांक एकच असावा हे मान्य केले, तरी नावाचा प्रश्न उरतो. २डी४० या वर्णाचे नाव ‘याह्’ असावे, ‘याब्’ का नसावे? वयाचा विचार केला, तर तुआरेग लेखनाची अखंड परंपरा नव-तिफिनाघपेक्षा कितीतरी जुनी आहे. परंतु २००३ पासून मोरोक्कोकडे राजमान्यता, संशोधन संस्था, प्रमाणित वर्णमाला आणि पाठ्यपुस्तके होती. तुआरेग समाज पाच देशांत विभागलेला असून त्यांपैकी एकाही देशात तो बहुसंख्य नाही. नायजर व माली येथे त्यांच्या भाषेच्या शालेय लेखनासाठी रोमन लिपी वापरली गेली. प्रमाणकाच्या तक्त्यात मोरोक्कोची अक्षरे विशेषणाविना येतात, तर इतरांच्या नावांपूर्वी ‘तुआरेग’, ‘अहग्गर’, ‘बर्बर अकादमी’ अशी विशेषणे लागतात. ज्या परंपरेस विशेषण लागत नाही ती प्रमाण, आणि जिला लागते ती प्रादेशिक, असा अर्थ त्यातून नकळत निघतो.

हे नाव आता बदलणे शक्य नाही. युनिकोडच्या धोरणानुसार एकदा नेमलेला संकेतांक काढला जात नाही व एकदा दिलेले नाव बदलले जात नाही. हा कठोरपणा आवश्यक आहे. त्यावाचून आज लिहिलेला मजकूर पन्नास वर्षांनी वाचता येण्याची शाश्वती राहणार नाही. परंतु त्याचा दुसरा अर्थ असा की, २००४-०५ मधील संस्थात्मक बलाबल या नावांत कायमचे नोंदले गेले आहे.

व्यवहारातही त्याचे परिणाम दिसतात. प्रमाणकातील वर्णांचा क्रम मुख्यतः मोरोक्कोच्या वर्णमालेवर आधारलेला आहे. तीत ‘ब’ दुसरा येतो आणि ‘ह’ बराच पुढे, ‘क’ नंतर. तुआरेग शब्दांची सूची संगणकाने सर्वसाधारण क्रमानुसार लावली, तर ‘ब’ने सुरू होणारे शब्द ‘ह’च्या जागी जातात. तिफिनाघ मजकुराचे रोमन लिप्यंतर यंत्राने केले, तर भाषा सांगितल्याशिवाय त्याच अक्षराचा ‘ह’ होतो. दिशेचेही तसेच आहे. प्रमाणकाने तिफिनाघ ही डावीकडून उजवीकडे लिहिली जाणारी लिपी मानली आहे. उजवीकडून डावीकडे लिहिलेली तुआरेग ओळ नोंदवायची, तर दिशा पालटणारी विशेष नियंत्रणचिन्हे वापरावी लागतात.

शार्ल द फूको (१८५८-१९१६) यांनी अहग्गर प्रदेशात तयार केलेला तुआरेग-फ्रेंच शब्दकोश त्यांच्या मृत्यूनंतर १९५१-५२ मध्ये चार खंडांत प्रसिद्ध झाला. तो हस्तलिखिताच्या छायाप्रतीच्या रूपात छापला गेला. छायाप्रतीला अक्षर म्हणजे काय हे ठरवावे लागत नाही, ती जसे आहे तसे उमटवते. दगड आणि वाळू यांनाही ते ठरवावे लागले नव्हते. संगणक हे पहिले लेखनसाधन असे की, ज्याने लिहिण्यापूर्वीच उत्तर मागितले.

दुरुस्तीचे मार्ग

प्रमाणक स्थिर असले तरी अपरिवर्तनीय नाही. नावे बदलत नाहीत, परंतु नवे वर्ण जोडता येतात. २०१० साली आलेल्या ६.० या आवृत्तीत तिफिनाघमध्ये दोन चिन्हांची भर पडली : ‘ताझारास्त’ या नावाने ओळखले जाणारे विभाजक चिन्ह आणि २डी७एफ हे व्यंजन-जोडचिन्ह. तुआरेग लेखनात काही व्यंजने परस्परांत मिळवून एकच आकार केला जातो. त्यासाठी हे जोडचिन्ह लागते. युनिकोडच्या तांत्रिक वर्गीकरणात जोडचिन्हांच्या ज्या वर्गात ते मोडते, त्याच वर्गात देवनागरीचे हलन्त चिन्ह आहे. भारतीय लिप्यांतील जोडाक्षरांसाठी आखलेली वाट सहारातील लिपीच्याही कामी आली, असे म्हणता येईल. २०१२ मधील ६.१ या आवृत्तीत तुआरेग भाषाप्रकारांसाठी ‘ये’ आणि ‘यो’ हे दोन स्वर जोडले गेले व वर्णांची संख्या ५९ झाली.

एखादे अक्षर मागाहून दाखल होणे ही केवळ तुआरेगांची कथा नाही. मराठीतील ‘ॲ’ या अक्षरास स्वतंत्र संकेतांक २००८ साली, युनिकोड ५.१ मध्ये मिळाला. देवनागरी पहिल्या आवृत्तीपासून प्रमाणकात असूनही ‘ॲ’ला सतरा वर्षे वाट पाहावी लागली. एकाच लिपीच्या अनेक भाषांपैकी एकीची गरज उशिरा नोंदली जाते, हा अनुभव त्या दृष्टीने सामायिक आहे.

‘याह्’च्या बाबतीत नवा वर्ण हा उपाय नव्हे, कारण जागेची उणीव नसून माहितीची उणीव आहे. भाषेनुसार क्रम लावण्याचे स्वतंत्र नियम, मजकुरासोबत भाषेची व प्रदेशाची नोंद, आणि तुआरेग वळणाचे फॉन्ट या तीन गोष्टींनी बराचसा प्रश्न सुटतो. तुआरेग शिलालेखांचे व पत्रांचे अंकीय संग्रह करणाऱ्यांनी केवळ संकेतांक नोंदवून भागणार नाही. लेख कोठला, भाषा कोणती व ओळीची दिशा कोणती, हेही त्यासोबत नोंदवावे लागेल. अन्यथा यंत्र २डी४० वाचील आणि ‘ब’च्या जागी ‘ह’ उच्चारील, आणि संग्रहातून तो शब्दच हरवेल.

समारोप

१९९४ मध्ये तिफिनाघ अक्षरांच्या फलकासाठी अटक झाली. २००५ मध्ये तीच अक्षरे जागतिक प्रमाणकात आली. २००९ च्या विंडोज ७ प्रणालीतील एब्रिमा या फॉन्टमध्ये ती उपलब्ध झाली. २०११ च्या संविधानाने मोरोक्कोत अमाझिघ ही राजभाषा झाली. अल्जीरियात तिला २००२ मध्ये राष्ट्रीय व २०१६ मध्ये राजभाषेचा दर्जा मिळाला, तेथे तिच्या लेखनात रोमन लिपीचा वापर अधिक असला तरी. या साऱ्या प्रवासात संकेतांकनाचे महत्त्व निर्विवाद आहे. त्यावाचून तिफिनाघ हे चित्र राहिले असते, मजकूर झाले नसते.

परंतु याच प्रवासात एका परंपरेची मान्यता दुसरीच्या नावावर उमटली, हेही तितकेच खरे आहे. ‘याह्’ या अक्षराला एक संकेतांक देणे योग्य होते. त्याला एकच उच्चार आहे असे समजणे योग्य ठरणार नाही. तक्त्यातील ‘तुआरेग याब्’ ही छोटी टीप म्हणूनच महत्त्वाची आहे. मोरोक्कोतील मुलाच्या पाठ्यपुस्तकात जो ‘ह’ आहे, तोच अहग्गरच्या खडकावर ‘ब’ आहे, एवढी आठवण ती टिकवून ठेवते. लिपीच्या अभ्यासकाने अधिकृत नावाइतकेच अशा टिपांकडेही लक्ष देणे आवश्यक आहे.